सेटिंग

फोनवर मी एवढंच म्हणालो होतो, "सेटिंग झाली शेठ. आता तुम्हाला पाहिजे तसं येतंय." एका कानाला फोन, हातात पेचकस, शर्ट पाठीला चिकटलेला. शेठना पाहिजे होतं ते अगदी साधं होतं. पावतीवर काट्याचं नाव ठळक यावं आणि पांढरी, गुलाबी, पिवळी अशा तिन्ही प्रती छिद्रांच्या रेषेवर नीट फाटाव्यात. पण केबिनची सरकती काच अर्धी उघडी होती. बाहेर कठड्यावर कोपर टेकून एक म्हातारा उभा होता आणि त्याचा ट्रॅक्टर काट्यावर. त्याने सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि आवाज न चढवता विचारलं, "कोनाला पाहिजे तसं?"

मी हसलो. तो हसला नाही.

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. तारीख पक्की लक्षात राहायला कारण आहे, ते पुढे येईलच. परभणीच्या मोंढ्यापासून थोडं बाहेर, रस्त्याला लागून असलेला भुईकाटा. सप्टेंबरच्या पावसाने त्या साली मराठवाड्यात काय केलं ते मी सांगत बसत नाही. जे सोयाबीन हाताला लागलं होतं तेही डागी आणि ओलसर. ट्रॉल्यांमधून भिजल्या पोत्यासारखा आंबूस वास यायचा आणि एकदा नाकात बसला की रात्री जेवतानाही जायचा नाही. हमीभाव ५,३२८ रुपये कागदावर, बोली त्याच्या पुष्कळ खाली. आणि नेमका त्याच आठवड्यात माझा फोन सारखा वाजत होता, कारण १४ तारखेला विंडोज १० चे अपडेट थांबणार होते आणि गावातल्या निम्म्या दुकानदारांना ही गोष्ट तेव्हा कुठे कळली होती. कोणाचं पीक गेलं, कोणाचा कम्प्युटर जुना झाला. माझ्या डायरीत दोन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या. धंदा चांगला चाललाय असं घरी सांगताना त्या पंधरवड्यात जीभ जरा अडखळायची.

जुना कम्प्युटर टेबलावरून उचलला तर त्याच्या जागी टरफलांचा आणि धुळीचा एक काळपट चौकोन राहिला. कॅबिनेट उघडलं. आत पाल नव्हती, ही पहिली चांगली बातमी. मागे नऊ पिनांची दोन पोर्टं होती. एकात काट्याची वायर, आणि दुसऱ्या रिकाम्या पोर्टात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. बोराएवढं. वर एकसारख्या बारीक वळ्या, जणू कोणी ओल्या मातीवर बोट फिरवलंय. पेचकसाच्या टोकाने टोकरलं तर कवच सहज सुटलं आणि आतून वाळलेल्या हिरवट अळ्या टेबलावर पडल्या, पिल्लांसाठी साठवलेल्या. अर्थिंगची वायर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली, यूपीएसच्या बॅटरीवर पांढरी बुरशी, उंदरांनी माऊसची वायर कुरतडून वर इन्सुलेशन टेप. त्या केबिनमध्ये आपलं काम नेटकेपणाने केलेली फक्त ती माशी होती, आणि तिचंच घर मी मोडलं.

नव्या कम्प्युटरला ते नऊ पिनांचं पोर्टच नाही. काट्याचा डबा, म्हणजे लाल अक्षरात वजन दाखवणारा, मात्र अजून त्याच जुन्या रीतीने बोलतो. आरएस-२३२ म्हणतात तिला, १९६० सालची रीत. यूएसबी आली १९९६ मध्ये. या दोघांच्या मध्ये एक वायर लावायची, ती दुभाष्याचं काम करते. आणि ही बया ज्या भोकात खोचाल तसा नंबर घेते. आज कॉम ३, उद्या कोणी झाडताना काढून शेजारच्या भोकात घातली की कॉम ५. काट्याचं सॉफ्टवेअर कॉम १ ला कान लावून बसलेलं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट शोधा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर बदला. तिथे लिहून येतं की कॉम १ आधीच वापरात आहे. कोण वापरतंय म्हणून शोधावं तर आतल्या बोर्डावरच एक कॉम १ निघतो, ज्याला बाहेर तोंडच दिलेलं नाही. सातबाऱ्यावर नाव आहे आणि गावात कोणी कधी पाहिलेला नाही, तसला हिस्सेदार. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या पडद्यावर, जाऊन त्याला बंद केला. १९९९ साली मी हार्डवेअर शिकलो तेव्हा हे नंबर आणखी छळायचे. कॉम १ ला आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, चार, कॉम २ ला तीन, आणि दोन कार्डांना चुकून एकच नंबर गेला की मशीन जागच्या जागी गोठायची. आमचे सर म्हणायचे, एका तासात दोन भावांनी औत घातलं तर कोणाचंच चालत नाही. आता हे सगळं आपोआप होतं म्हणतात. होतंही, काटा नसेल तर.

वीज वाचवायची टिकसुद्धा काढावी लागते, नाहीतर दहा मिनिटं गाडी आली नाही की कम्प्युटर त्या वायरीला झोपवून टाकतो आणि पुढचा ट्रॅक्टर वजनावाचून उभा. हे मला आधीच्या एका काट्यावर रात्री साडेअकराला कळलेलं आहे. असो.

नंबर जुळला आणि वजनाच्या चौकटीत उमटलं ते असं: चौकोन, उलटा स्वल्पविराम, पौंडाचं चिन्ह, पुन्हा दोन चौकोन. असं दिसलं की समजायचं, बॉड रेट चुकला. डबा सेकंदाला २,४०० बिटांनी बोलतोय आणि कम्प्युटर ९,६०० ने ऐकतोय. दोघांचंही तसं काही चुकलेलं नसतं. एवढ्यात काच सरकवून तो म्हातारा डोकावला. ट्रॅक्टर नुकताच चढवला होता त्याने. स्क्रीनकडे डोळे बारीक करून म्हणाला, "हे तर आमच्या आज्याच्या कागदावानी दिसायलंय."

काट्यावरचा पोरगा फिदीफिदी हसला. मला मात्र तो काय म्हणतोय ते चटकन कळलं, कारण तसला कागद आमच्याही घरी होता. पत्र्याच्या पेटीत, तळाला, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास लागलेला. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं आणि साल फसली. कागदावर १३५२ लिहिलेलं असलं तर त्यात ५९० मिळवायचे, की आपलं साल निघतं. आजोबांना यातलं काही येत नव्हतं. जमिनीचा काही प्रश्न निघाला की ते तो कागद दस्तीत गुंडाळून एका रिटायर झालेल्या उर्दूच्या मास्तरांकडे न्यायचे. लहानपणी मी एकदा सोबत गेलो होतो. मास्तरांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकायचं, आणि मध्ये आकडा आला की ते बोट थांबून मागे जायचं आणि आकडा डावीकडून उजवीकडे वाचायचं. आजोबा कागदाकडे बघतच नव्हते. ते त्या बोटाकडे बघत होते. बोट जिथे थांबेल तिथे त्यांचा श्वास थांबायचा. मास्तर भला माणूस होता, एक आणा कधी मागितला नाही. पण भला नसता तर आजोबांना कळलं असतं का, हा विचार मला तेव्हा सुचलेला नव्हता.

आजीच्या बोलण्यात हाली रुपया होता, निजामाचा. सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजांचे रुपये, असा साधारण हिशोब. संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात गेलं, हाली मात्र पार १९५९ पर्यंत रेंगाळला. आजी सांगायची की बाजारात कोणी दोन रुपये म्हणालं की समोरच्याने आधी विचारायचं, कोणचे? हाली का कलदार? हा प्रश्न विचारायला जो लाजला तो बुडाला. आणि मापांचं म्हणाल तर दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण आमच्या घरात ज्वारी अधोलीनेच मोजली जायची. किलो हा दुकानदाराचा, अधोली आपली. सुनेने किलोत काही सांगितलं की आजी डोळे मिटून ते अधोलीत घालून बघायची आणि मगच मान हलवायची.

बॉड रेट २,४०० केला. चौकोन गेले, आकडे आले. डब्यावर लाल अक्षरात ६,८४० आणि कम्प्युटरवर ४८,६००.

"अठ्ठेचाळीस टन!" पोरगा ओरडला. "मामा, ट्रॉलीत रेल्वे आनली का?" म्हातारा खाली वाकून ट्रॉलीकडे बघून आला. खरंच. मीही दोन मिनिटं चक्रावलो, मग कागदावर सहा घरं पाडून आकडा मांडला. ००६८४०. उलटीकडून वाचा. ०४८६००. काही डबे एककाचा आकडा आधी पाठवतात, मग दहम, मग शतक. म्हणजे आकडा शेपटीकडून येतो आणि ऐकणाऱ्याने तो उलटून घ्यायचा असतो. मास्तरांचं ते थांबून मागे जाणारं बोट मला तिथे, त्या आंबूस वासाच्या केबिनमध्ये आठवलं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक छोटा चौकोन असतो, त्यात टिक करायची. केली. ६,८४०. पहिली पावती छापली तर तारीख १०/०९/२०२५. पोरगा म्हणाला, "सर, ही गेल्या महिन्याची कामून?" नव्या विंडोजला देश अमेरिका धरलेला होता, महिना आधी आणि दिवस नंतर. दहा सप्टेंबरची पावती. म्हातारा एवढंच म्हणाला, "दहा सप्टेंबराला तर माल उभा होता." देश भारत केला. प्रिंटरला कागदाचा आकार सांगितला. तेवढ्यात शेठचा फोन आला आणि मी ते वाक्य बोलून बसलो.

"तसं नाही मामा," मी म्हणालो. "पावती कशी दिसावी तेवढंच शेठनी सांगितलं होतं. वजनाला मी हात नाही लावला."

"मगाशी अठ्ठेचाळीस टन आल्तं ना?"

"हो."

"आन् आता सहा हजार आठशे चाळीस."

"डब्यावर पहिल्यापासून तेवढंच होतं. कम्प्युटर उलटं वाचत होता."

"मग सुलटं वाचायला कोनी शिकवलं?"

"मी."

तो थोडा थांबला. "म्हंजे तू शिकवशील तसं ते वाचनार."

मी त्याला आत बोलावलं आणि डब्याच्या मागचा शिशाचा शिक्का दाखवला. वैधमापनवाले दरवर्षी येतात, माहीत असलेली वजनं ठेवून काटा तपासतात आणि तार ओवून शिक्का मारतात. तो तोडल्याशिवाय आतलं कोणाला बदलता येत नाही. हे मी जरा फुशारकीनेच सांगितलं. म्हाताऱ्याने शिक्का अंगठ्याने चाचपला. तारेला हलकेच ओढून पाहिलं. मग डब्यातून निघणारी वायर नजरेने धरून तो टेबलाच्या कडेने, यूपीएसच्या मागून, त्या यूएसबीच्या भोकापर्यंत आला. "आन् ह्याच्यावर?" त्याने कम्प्युटरवर टिचकी मारली. ह्याच्यावर शिक्का नव्हता. वजन डबा करतो, डब्याला सरकारचा शिक्का. पावती कम्प्युटर छापतो. मधला दीड मीटर माझा.

पंचवीस वर्षांत मला हे कोणी असं वायर धरून दाखवलं नव्हतं. त्याने मग बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून आधार कार्ड, गोळ्यांची एक पट्टी आणि सगळ्यात शेवटी एक पावती. येताना वाटेत जिनिंगच्या काट्यावर त्याने ट्रॅक्टर आधीच मोजून घेतला होता. ६,८५०. दहा किलोचा फरक. आमचा काटा दहा-दहा किलोंनीच पुढे सरकतो, वाटेत डिझेल जळलं, आणखी पाच कारणं मला सांगता आली असती. त्याने विचारलंच नाही. दोन्ही पावत्या एकावर एक ठेवून उजेडाकडे धरल्या, घडी घातली आणि म्हणाला, "बरं." मराठवाड्यात बरं म्हणजे ठीक आहे असं नसतं, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

सेटिंग हा शब्द आमच्याकडे कम्प्युटरच्या आधी आला की मागून, मला खरंच सांगता येत नाही. बदली पाहिजे, सेटिंग लावा. टेंडर निघालं, सेटिंग असेल. कॉलेजच्या पोराची कोणाशी तरी सेटिंग आहे. माझ्या धंद्यात मी दिवसातून पन्नास वेळा हा शब्द वापरतो आणि मला त्याचा दुसरा अर्थ ऐकूसुद्धा येत नाही. सुताराला खिळा म्हणताना जखम आठवत नसणार, तसंच. त्या म्हाताऱ्याला मात्र तोच एक अर्थ माहीत होता, आणि त्याने तो डिक्शनरीतून शिकलेला नव्हता. मला राग आला होता, हे कबूल करतो. चार तास माती खाऊन मशीन बरोबर करून दिली आणि वर हा माणूस मलाच काटा मारणाऱ्यांच्या रांगेत बसवतोय. घरी येईपर्यंत राग होता. जेवायला बसल्यावर तो कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही.

आमचे अण्णा मोंढ्यात मापाडी होते. लहानपणी शाळा सुटली की मी पोत्यांच्या थप्पीवर बसून त्यांची मोजणी ऐकायचो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. प्रत्येक आकडा लांबवून, सुरात, पुढचं माप उचलेपर्यंत तोच आकडा घोळवत ठेवायचा, म्हणजे मोजणाऱ्याचाही चुकत नाही आणि बाजूला बसलेल्या शेतकऱ्यालाही ऐकू जातो. हे दुसरं कारण मला त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं. मी अण्णांना दिवसाची सगळी हकीकत सांगितली. अठ्ठेचाळीस टनाला ते पोट धरून हसले. मग मी विचारलं, जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "अण्णा, तुम्ही कधी काटा मारला?"

ते बराच वेळ ताटातली भाकर मोडत राहिले. "मी नाही मारला," म्हणाले. "पन कोन मारायलंय ते दिसायचं."

"मग?"

"मग काय. लाभ म्हनायचं आन् दोनवर जायचं."

आई आतून म्हणाली, जेवू द्या त्यांना. विषय तिथेच राहिला. अण्णांनी त्या दिवशी एक भाकर कमी खाल्ली, किंवा मला तसं वाटलं असेल. गोळ्यांमुळे त्यांची भूक तशीही कमी झालेली आहे.

पुढच्या आठवड्यात दुकानात पडलेला एक जुना पंधरा इंची मॉनिटर घेऊन मी त्या काट्यावर गेलो. शेठना म्हणालो, पैसे नकोत, फक्त खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवू द्या. सेटिंगमध्ये, हो, तोच शब्द, दोन्ही पडदे सारखे करायची सोय असते. आत जे दिसतं तेच बाहेर. शेठनी आधी कपाळाला आठी घातली. गर्दी करतील, उगा हुज्जत घालतील, आधीच खिडकीत पान थुंकतात. मग म्हणाले, लावा, तुमची हौस. खराब झाला तर मी देणार नाही. मी डबा आणि मॉनिटर दोन्ही शेजारी येतील असा कोन साधला, लाल आकडा आणि पांढरा आकडा एका नजरेत. वजनाचे आकडे मोठे केले, देवनागरी करता आले नाहीत, त्या सॉफ्टवेअरला ते येत नाही. निघताना स्वतःवर जरा खूषच होतो.

महिनाभराने प्रिंटरची रिबन बदलायला गेलो तर मॉनिटरवर दस्ती टाकलेली. मी ती उचलली. पोरगा म्हणाला, "ऊन येतंय सर. तसंबी काय दिसत नाही त्याच्यात." बाहेर जाऊन पाहिलं. बरोबर होतं त्याचं. दुपारचं ऊन सरळ काचेवर, त्यात माझाच चेहरा, मागे निळ्या ट्रॉलीचा कोपरा, आकडा कुठेच नाही. आत येऊन उजेड शंभरावर नेला, रंग काढून काळ्यावर पांढरं केलं, कोन जरासा खाली वाकवला. पुन्हा बाहेर गेलो. तोवर तिथे एक बाई उभ्या होत्या, ट्रॅक्टर त्यांचाच असावा. त्यांनी पदर सावरून दोन्ही हात काचेला लावले, ओंजळ उलटी धरावी तसे, आणि त्या सावलीत डोळे घालून एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागल्या.